कुजक्या लाकडावरच्या चिमुकल्या चषक-बुरशी कशा ओळखाव्यात? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे तर पाऊसच कमी. खान्देशात या बुरशी खरंच असतात का?

असतात, आणि बऱ्याच असतात. फक्त नजर एक-दोन मिलिमीटरवर आणावी लागते. पावसाळ्यात तोरणमाळला गेलात, पालच्या किंवा मनुदेवीच्या बाजूनं सातपुड्याच्या पायथ्याला फिरलात, पाटणादेवीच्या जंगलात एखादं आडवं पडलेलं खोड उलटून पाहिलंत, तर त्याच्या ओलसर पोटावर पांढरे, पिवळे, राखाडी, नारिंगी ठिपके दिसतील. दहापट भिंग लावलं की त्यातल्या काही ठिपक्यांना काठ असतो, मध्ये खोलगट तबक असतं, कधी काठावर केसांची झालर असते. या चषक-बुरशी. त्यांचे बीजाणू वाटीच्या आतल्या पृष्ठभागावर, पिशव्यांमध्ये तयार होतात.

कमी पावसाचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळेच आपल्याकडचा शोध कोकणापेक्षा वेगळा होतो. चषक-बुरशींमध्ये एक मोठा गट असा आहे, की तो वाळतो पण मरत नाही. झाडावरच राहिलेल्या मेलेल्या फांदीवर या वाट्या उन्हात आक्रसून ठिपक्याएवढ्या होतात, महिनोन्महिने तशाच राहतात आणि पाणी मिळालं की थोड्या वेळात पुन्हा फुगतात. ओर्बिलिया या गणातल्या (गण म्हणजे जवळच्या जातींचा गट) अनेक जाती अशा आहेत. म्हणून अंजन, सालई, बोर, बाभूळ यांच्या खाली पडलेल्या लाकडाइतकंच वर लटकलेल्या वाळक्या काटक्यांकडेही बघा. बहुतेकांची नजर फक्त जमिनीकडे असते, आणि कोरड्या मुलखातल्या या बुरशी तिथेच सुटून जातात.

शोधायला चांगला काळ कोणता आणि जागा कोणत्या?

मृगाचा पाऊस पडला म्हणून लगेच काही मिळत नाही. लाकूड आतपर्यंत भिजायला वेळ लागतो. श्रावणात, कानबाईचे रोट झाले की खरी सुरुवात होते आणि पोळ्यानंतरचे काही आठवडे सगळ्यात चांगले असतात. ओल टिकून असते, पण मुसळधार पावसानं वाट्या सडत नाहीत.

जंगलातच जायला हवं असं नाही. पऱ्हाटीचा आणि तुराट्यांचा सरपणासाठी रचलेला ढीग पावसाळ्यात खालच्या बाजूनं भिजतो. तो उपसून पाहा. वावराच्या बांधावरचं बाभळीचं कुजकं खोड, विहिरीच्या कडेला पडलेली उंबराची फांदी, जुन्या कुंपणाचे खुंट, सगळं तपासण्यासारखं. केळीच्या बागेबद्दल मी मुद्दाम सांगेन. ठिबकमुळे तिथली जमीन हिवाळ्यातही ओलसर असते, पानांच्या सावलीमुळे हवा दमट राहते. बागेभोवती आडोशाला लावलेल्या शेवरीच्या वाळक्या काड्या खाली पडलेल्या असतात. बाकीचा जिल्हा कोरडा ठणठणीत झाल्यावरही तिथे शोध चालू ठेवता येतो.

फोटो पाठवला तर नाव सांगता येणार नाही का?

बहुतेक वेळा नाही. दोन मिलिमीटरची पांढरी केसाळ वाटी लॅक्नम या गणातली असू शकते, हायलोसायफा या गणातली असू शकते, किंवा ती चषक-बुरशी नसून भूछत्रांच्या नात्यातली भलतीच बुरशी असू शकते. बाहेरून तिघी सारख्या दिसतात. केसांवर बारीक कण आहेत का, केस टोकाला निमुळते होतात का, पिशव्यांच्या मधले तंतू भाल्यासारखे टोकदार आहेत का, हे सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं.

फोटोचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. ताज्या वाटीचा रंग, काठ, देठ आहे की नाही, लाकडाच्या सालीवर उगवली की साल गेलेल्या भागावर, हे वाळल्यानंतर हरवतं. फोटो घ्याच, आणि चौकटीत एक छोटी पट्टी ठेवा.

कोणता सूक्ष्मदर्शक लागेल? महागडा घ्यावा लागेल का?

कॉलेजच्या प्रयोगशाळेत असतो तो साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक पुरतो. 10, 40 आणि 100 पटीची वस्तुभिंगं हवीत आणि 100 चं ऑइल इमर्शनचं, म्हणजे तेलाच्या थेंबातून बघायचं, हवं. यातल्या अनेक बुरशींचे बीजाणू 5 ते 10 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब आणि दोनच मायक्रॉन रुंद असतात. त्यांच्या आतले तेलाचे थेंब मोजायचे तर 40 चं भिंग कमी पडतं. तालुक्याच्या गावात पॅथॉलॉजी लॅब असते, तिथल्या सूक्ष्मदर्शकाला हे भिंग असतंच. ओळख काढून, त्यांचं काम आटोपल्यावर अर्धा तास मागून पाहायला हरकत नाही. मात्र भिंग पुसून, स्लाईडवरची रसायनं भिंगाला न लागू देता परत करा.

फोल्डस्कोपबद्दलही विचारलं जातं. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटानं तयार केलेला हा कागदी सूक्ष्मदर्शक साधारण 140 पट मोठं दाखवतो आणि दोन मायक्रॉनपर्यंतचा तपशील दाखवू शकतो. शाळेतल्या मुलांना बीजाणूंच्या पिशव्या दाखवायला तो छान आहे. स्क्युटेलिनियासारख्या मोठ्या बीजाणूंच्या बुरशीत त्याचा उपयोगही होतो. ओर्बिलियाच्या बारीक बीजाणूंसाठी मात्र तो अपुरा आहे.

शिवाय एक हातभिंग घ्या, 10 किंवा 20 पटीचं, गळ्यात दोरीनं अडकवलेलं. रानात निम्मं काम त्यावर होतं.

स्लाईड कशात करायची? आमच्याकडे सगळं लॅक्टोफिनॉल कॉटन ब्लूमध्ये करतात.

या पानावर एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा. आधी साधं पाणी. कॉटन ब्लू हे निळं रंगद्रावण नाही, पोटॅशियम हायड्रॉक्साईड (पुढे ‘क्षार’ म्हटलंय ते हेच) नाही, काही नाही.

वनस्पतिशास्त्राच्या प्रॅक्टिकलमध्ये बुरशी म्हटलं की हात आपोआप कॉटन ब्लूच्या बाटलीकडे जातो. भाकरीवरच्या किंवा लोणच्यावरच्या बुरशीला ते ठीक आहे. चषक-बुरशीच्या बाबतीत त्या एका थेंबानं ओळखीची निम्मी लक्षणं पुसली जातात, कारण फिनॉल आणि लॅक्टिक आम्ल पेशी मारतात. जिवंत पिशवी पाण्यानं तट्ट फुगलेली असते आणि पिकली की आजूबाजूच्या तंतूंच्या वर डोकं काढते. मेली की ती आक्रसते, लांबी आणि रुंदी दोन्ही कमी होतात. जिवंत बीजाणूत तेलाचे थेंब स्पष्ट, गोल, ठरावीक संख्येनं दिसतात. मेल्यावर ते एकमेकांत मिसळतात किंवा नाहीसे होतात. ओर्बिलियाच्या प्रत्येक बीजाणूत टोकापाशी चिकटलेला एक छोटा चमकदार कण असतो, कधी थेंबासारखा, कधी धाग्यासारखा. जाती वेगळ्या करायला तोच लागतो, आणि तो फक्त जिवंतपणी दिसतो. मोलिसिया या गणातल्या बुरशींत पिशव्यांच्या मधल्या वांझ तंतूंमध्ये प्रकाश वळवणारा जो काचेसारखा गोळा असतो, तोही क्षारात विरघळतो.

जर्मन अभ्यासक हान्स-ओटो बाराल यांनी 1980 च्या दशकापासून हा आग्रह धरला: जिवंत नमुना पाण्यात बघा, मग मेलेल्याशी तुलना करा. आज युरोपातले या विषयातले बहुतेक हौशी आणि व्यावसायिक लोक याच पद्धतीनं काम करतात. आपल्याकडच्या कॉलेजांमध्ये ही सवय अजून रुजायला हवी असं मला मनापासून वाटतं, कारण याला पैसा लागत नाही, फक्त क्रम बदलावा लागतो.

कृती सोपी आहे. भिंगाखाली धारदार सुईच्या टोकानं एक वाटी, किंवा मोठी असेल तर तिचा पाचरीएवढा तुकडा, उचला. लाकडाचे कण सोबत येऊ देऊ नका, त्यानं कव्हरस्लिप तिरकी बसते. स्लाईडवर पाण्याचा छोटा थेंब, त्यात तुकडा, वर कव्हरस्लिप. मग पेन्सिलच्या मागच्या रबरानं अगदी हलकं दाबा. एकदम दाबलं तर पिशव्या फुटतात. वाटी वाळलेली असेल तर आधी पाण्यात भिजू द्या, ती पूर्ण फुगल्यावरच उचला. पाणी उडत राहतं म्हणून कडेनं अधूनमधून थेंब सोडत राहा.

पाण्यातलं सगळं बघून, चित्र काढून, मोजून झालं, की मग त्याच स्लाईडला कडेनं आयोडीन किंवा क्षार द्या. दुसऱ्या बाजूला टिपकागदाचा तुकडा लावला की द्रव आत ओढला जातो आणि बदल डोळ्यांसमोर घडताना दिसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली नेमकं काय काय बघायचं?

आतला थर एखाद्या वावरासारखा समजा: दाटीनं उभ्या असलेल्या पिशव्या हे मुख्य पीक आणि त्यांच्यामध्ये उभे वांझ तंतू हे आंतरपीक. पिशवीला ॲस्कस म्हणतात, तिच्यात सहसा आठ बीजाणू असतात. तंतूंना पॅराफायसिस म्हणतात. खाली आणि बाजूला वाटीची भिंत असते, आणि तिच्यावर कधी केस.

पिशवीपासून सुरुवात करा. ती वर कशी उघडते? काहींना टोकाला झाकण असतं, ते बिजागरीवर उघडल्यासारखं बाजूला पडतं. बाकीच्यांत टोकाला फक्त छिद्र पडतं. फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल बूदिए यांनी 19 व्या शतकाच्या उत्तरार्धात या फरकावर चषक-बुरशींची मुख्य विभागणी केली आणि ती आजही पहिली पायरी म्हणून वापरली जाते. रिकाम्या झालेल्या पिशव्या शोधा, त्यांच्यावर झाकण चटकन दिसतं. कुकेइनासारख्या उष्ण प्रदेशातल्या बुरशींमध्ये झाकण असतं पण तिरपं आणि जाड, तेही लक्षात ठेवा.

पिशवीची भिंत एकेरी आहे की दुहेरी, हा पुढचा प्रश्न. दुहेरी असेल तर बीजाणू सोडताना बाहेरची भिंत फाटते आणि आतली लांब होऊन वर येते. अशी पिशवी दिसली तर ती बुरशी वाटीसारखी दिसत असूनही वेगळ्या कुळातली आहे.

मग पिशवीचं बूड. तिथे आकड्यासारखा वळलेला पेशीचा हुक आहे की बूड सरळ आहे? हे बघणं कठीण आहे. थर चांगला सुटा करून, क्षारात आणि काँगो रेड या लाल रंगात घेतला तर दिसतं. वेळ लागला तरी बघा, कारण जवळच्या जाती कित्येकदा एवढ्यावरच सुटतात.

बीजाणूंमध्ये आकार, लांबी-रुंदी, आडवे पडदे किती, रंग आहे की नाही, पृष्ठभाग गुळगुळीत की खरबरीत, आत तेलाचे थेंब किती आणि कुठे. तंतूंमध्ये टोकाचा आकार आणि आतला मजकूर. भिंतीत पेशी गोल आहेत, चौकोनी आहेत की लांब तंतूंच्या. केसांमध्ये भिंत जाड की पातळ, पडदे, कण, टोक, बूड.

आयोडीनची चाचणी म्हणजे काय? बेटाडीन चालेल का?

बेटाडीन नको, त्यात आयोडीन वेगळ्या रूपात बांधलेलं असतं. लुगॉलचं द्रावण घ्या, पोटॅशियम आयोडाईडमध्ये विरघळवलेलं आयोडीन. शौच तपासणीसाठी पॅथॉलॉजी लॅबमध्ये ते ठेवतात. फार तीव्र असेल तर पाणी घालून साधारण एक टक्का आयोडीनपर्यंत आणा.

काही चषक-बुरशींच्या पिशवीच्या टोकाला आयोडीन लागलं की निळा रंग येतो. कधी ते टोकातलं एक बारीक कडं असतं, कधी दोन ठिपके, आणि पेझायझासारख्यांत संपूर्ण टोक निळं होतं. मोलिसिया आणि लॅक्नमच्या बहुतेक जातींत कडं निळं होतं. ओर्बिलियात काहीच होत नाही, स्क्युटेलिनियात आणि कुकेइनात नाही.

एक बारकावा आहे, आणि तो न कळल्यामुळे जुन्या वर्णनांत बराच गोंधळ आहे. काही जातींत लुगॉलनं टोक निळं न होता लालसर होतं. आधी पोटॅशियम हायड्रॉक्साईड देऊन धुतलं तर तेच निळं होतं. आयोडीनचंच दुसरं, मेल्झरचं द्रावण वापरलं तर क्षार न देता अशा जातींत काहीच दिसत नाही, कारण त्यातलं क्लोरल हायड्रेट ही लाल छटा दाबून टाकतं. म्हणजे नुसत्या मेल्झरवर विसंबलात तर हे लक्षण आहे हेच कळणार नाही. क्लोरल हायड्रेट विषारी आहे आणि सहज मिळतही नाही, तेव्हा लुगॉलच बरं. नोंद करताना कोणतं द्रावण, क्षार आधी दिला की नाही, हे दोन्ही लिहा. नुसतं ‘आयोडीन धन’ लिहिलेली नोंद पुढे कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

पोटॅशियम हायड्रॉक्साईड कशासाठी?

तीन ते दहा टक्क्यांचं द्रावण पुरे. गजकर्णाच्या तपासणीसाठी लॅबमध्ये असतं तेच. पेशी सुट्या होतात, वाळलेला जुना नमुना फुगतो, आणि काही बुरशींत रंग सुटतो. मोलिसियाच्या काही जातींत क्षार लागताच तंतूंमधून पिवळा रंग बाहेर वाहतो, काहींत नाही, आणि जात ठरवताना हा फरक लागतो. थेंब घालताना डोळा भिंगाला लावूनच ठेवा, कारण हा रंग काही क्षणांत फिका होतो. हातमोजे घाला, आणि द्रावण वस्तुभिंगाला लागलं तर लगेच पुसा, काचेवर डाग कायमचा राहतो.

मायक्रॉन कसे मोजायचे?

नेत्रिकेत 100 भागांची पट्टी बसवावी लागते आणि तिचं मोल एकदा ठरवून घ्यावं लागतं. त्यासाठी स्टेज मायक्रोमीटर लागतो, म्हणजे एक मिलिमीटरचे 100 भाग आखलेली स्लाईड. तिचा प्रत्येक भाग 10 मायक्रॉनचा. समजा 40 च्या भिंगाखाली नेत्रिकेतले 40 भाग स्लाईडवरच्या 10 भागांशी जुळले, म्हणजे 100 मायक्रॉनशी, तर नेत्रिकेतला एक भाग अडीच मायक्रॉनचा झाला. प्रत्येक वस्तुभिंगासाठी हे वेगळं काढून कागदावर लिहा आणि तो कागद सूक्ष्मदर्शकाच्या पेटीत चिकटवा. मोबाइलच्या फोटोवरून मोजायचं असेल तर स्टेज मायक्रोमीटरचाही त्याच झूमनं फोटो घ्या.

कुठले बीजाणू मोजायचे हे त्याहून महत्त्वाचं. पिशवीच्या आत असलेले नाही, बाहेर फेकले गेलेले मोजा, कारण तेच नक्की पिकलेले असतात. ओली वाटी स्लाईडवर पाण्याच्या थेंबाशेजारी ठेवून वर एक छोटी डबी पालथी घाला. काही तासांत काचेवर बीजाणू पडलेले मिळतात. निदान 20 बीजाणू मोजून सर्वांत लहान, सर्वांत मोठा आणि सरासरी लिहा. पिशव्यांची मापं जिवंत की मेलेल्या, हेही सोबत हवं.

काप घेणं जमत नाही. उपाय?

दाढीचं नवं पातं आणि भेंडाचा तुकडा. बाशिंगासाठी वापरतात तो भेंड. नसेल तर गाजर. त्याला चीर पाडून भिजवलेली वाटी मधोमध धरा आणि पातं आपल्याकडे ओढत सपासप दहा-पंधरा काप घ्या, ते सगळे पाण्यात टाका आणि सर्वांत पातळ तो निवडा. भिंतीच्या पेशींची रचना दाबलेल्या स्लाईडमध्ये नीट कळत नाही, म्हणून निदान एक उभा काप हवाच.

वाटी तर दिसते, पण पिशव्या सापडतच नाहीत. काय असेल?

तीन-चार शक्यता. एक, वाटी अजून कोवळी आहे. दोन, ती भूछत्रांच्या नात्यातली वाटीच्या आकाराची बुरशी आहे. तिच्यात पिशव्या नसतात. बीजाणू दांड्यांच्या टोकाला, बहुधा चार-चार, बाहेर लटकतात. लॅक्नेला नावाची पांढरी केसाळ बुरशी अशी फसवते. तीन, ते श्लेष्म-कवक आहे, म्हणजे बुरशी नसलेलाच एक सजीव. त्याच्या रिकाम्या झालेल्या टोप्या छोट्या प्याल्यांसारख्या उरतात, आत सुकी भुकटी आणि धागे असतात. चार, दगडफुलाच्या नात्यातली एखादी लायकेन. खालच्या ऊतीत हिरव्या शैवाल पेशी दिसल्या की प्रश्न मिटला.

सायथस, म्हणजे पावसाळ्यात शेणखतावर आणि कुजक्या काड्यांवर येणारा अंडी ठेवल्यासारखा प्याला, तो पण चषक-बुरशी नाही. पण मुलांना दाखवायला मिळाला तर जरूर दाखवा.

आपल्या भागात कोणत्या गणांकडे लक्ष ठेवावं?

वाळक्या काटक्यांवर, विशेषतः झुडपी रानात, सर्वांत आधी ऱ्हिटिडहिस्टेरॉन रुफुलम ओळखायला शिका. उष्ण प्रदेशात, भारतातही, ती खूप पसरलेली आहे. काळी, होडीसारखी, काठावर बारीक रेघा असलेली. कोरडी असताना मिटलेली आणि भिजली की उघडून आतलं तबक दाखवणारी. पिशवी दुहेरी भिंतीची, बीजाणू तपकिरी, पिकल्यावर तीन आडव्या पडद्यांचे, साधारण 20 ते 35 मायक्रॉन लांब. बीजाणू एवढे मोठे आणि रंगीत असल्यामुळे नवशिक्याला पहिल्याच दिवशी खात्रीनं नाव लावता येतं. तिच्याबरोबर साल गेलेल्या कोरड्या लाकडावर पटेलारिया अत्राता बघा: काळी चपटी तबकडी, दुहेरी भिंतीची पिशवी, रंगहीन लांबट बीजाणू, अनेक पडदे.

ओर्बिलियाच्या वाट्या मेणासारख्या, अर्धपारदर्शक, पांढऱ्या ते नारिंगी. पिशव्या लहान, बुडाशी फाटे फुटलेल्या, वांझ तंतू टोकाला गाठीसारखे फुगलेले. या गणाचा आपल्या शेतीशी एक संबंध आहे, तो फार थोड्यांना माहीत आहे. केळी लावणाऱ्याला सूत्रकृमी काही नवे नाहीत. ओर्बिलियाच्या काही जातींची अलैंगिक अवस्था, आर्थ्रोबोट्रिस, जमिनीत चिकट जाळी तयार करते आणि सूत्रकृमींना त्यात पकडून खाते. वर काडीवर बसलेल्या त्या इवल्याशा मेणचट वाटीचं खालच्या मातीत हे काम चालू असू शकतं.

कुजलेल्या, ओल्या लाकडावर राखाडी, बशीसारख्या पसरट, गर्दीनं उगवलेल्या वाट्या दिसल्या तर मोलिसिया असण्याची शक्यता मोठी. भिंतीत तपकिरी गोलसर पेशी असतात. गण चटकन कळतो, जात ठरवणं मात्र जुन्या अभ्यासकांनाही जड जातं. केसाळ पांढऱ्यांमध्ये लॅक्नम: केसांवर कण, वांझ तंतू भाल्यासारखे आणि पिशव्यांच्या वर आलेले.

लालभडक तबकडी आणि काठावर काळसर पापण्या, ही स्क्युटेलिनिया. झाकणाची पिशवी, केसांची बुडं मुळांसारखी फुटलेली. इथे कॉटन ब्लूचा खरा उपयोग आहे: बीजाणूंवरचे चामखिळीसारखे उंचवटे ते गडद रंगवतं, आणि जात त्या नक्षीवर ठरते. अर्थात पाण्यातलं निरीक्षण झाल्यावरच.

तोरणमाळ 1100 मीटरांहून उंच आहे आणि तिथे धुकं टिकतं. तिकडच्या ओढ्यांकाठी कुकेइना आणि फिलिप्सिया या उष्ण, दमट जंगलातल्या मोठ्या रंगीत चषक-बुरशीही शोधाव्यात. लाकूड निळं-हिरवं दिसलं म्हणून क्लोरोसिबोरिया समजू नका. ती दमट, थंड जंगलांतली. आपल्याकडे ती हिरवट छटा बहुधा शेवाळाची असते. क्लोरोसिबोरियात रंग लाकडाच्या आतपर्यंत मुरलेला असतो, चाकूनं तासून बघा.

पुस्तकातल्या ‘की’नुसार, म्हणजे लक्षणांवरून ओळखायच्या तक्त्यानुसार, नाव लावलं. ते बरोबर मानायचं का?

सावधपणे. चषक-बुरशींच्या बऱ्याच ‘की’ युरोपातल्या जातींसाठी केलेल्या आहेत. भारतातलं पायाभूत काम मोठ्या प्रमाणावर हिमालयाच्या पट्ट्यात झालं. पंजाब विद्यापीठात के. एस. थिंड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या चषक-बुरशी चिकाटीनं वर्णन केल्या. अंजनाच्या किंवा सालईच्या काडीवर काय उगवतं ते त्यांत सापडेलच असं नाही. ‘की’ कुठल्या तरी नावावर नेऊन सोडतेच. त्या जातीचं मूळ वर्णन काढून प्रत्येक माप जुळवा. एक लक्षण जरी ठळकपणे वेगळं असेल तर गणावर थांबा आणि पुढे ‘जाती अनिश्चित’ लिहा. मोजमापं आणि चित्रांसह गणापर्यंतची नोंद ही चुकीच्या पूर्ण नावापेक्षा कितीतरी उपयोगाची असते.

डीएनए तपासला तर हे सगळं करायची गरजच काय?

डीएनएचा आयटीएस नावाचा भाग 2012 मध्ये बुरशींसाठी अधिकृत बारकोड म्हणून स्वीकारला गेला, आणि तो मोठा आधार आहे. पण जुळवायला संदर्भनमुना हवा. सार्वजनिक साठ्यांत चुकीच्या नावानं ठेवलेले क्रम आहेत आणि कित्येक जातींचे क्रमच नाहीत. शिवाय एवढ्याशा वाटीबरोबर लाकडातली दुसरीच बुरशी तपासली जाण्याचा धोका असतो. दोन्ही करा, आधी सूक्ष्मदर्शक.

नमुना कसा जपायचा आणि कुठे द्यायचा?

लाकडाच्या तुकड्यासकट सावलीत वाळवा, उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको. कागदी पाकिटात ठेवा, प्लॅस्टिकमध्ये घाम धरून दुसरी बुरशी चढते. पाकिटावर तारीख, गाव, तालुका, शक्य तर अक्षांश-रेखांश, झाडाचं नाव, लाकूड पडलेलं की झाडावरचं. झाड ओळखू आलं नाही तर तसं लिहा. चित्रं आणि मापं त्याच पाकिटात.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अजरेकर कवक संग्रहालय आहे. महत्त्वाचा नमुना तिथे जमा झाला तर त्याला क्रमांक मिळतो आणि पुढच्या अभ्यासकाला तो पुन्हा तपासता येतो. पाठवण्याआधी पत्रानं विचारून घ्या.

यावल किंवा अनेर धरण अभयारण्यातून काडी आणली तर चालेल का?

वन विभागाच्या परवानगीशिवाय नाही. यावल अभयारण्य 1969 पासून संरक्षित आहे, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार तिथून कुजकं लाकूडही उचलून आणता येत नाही. फोटो काढा, नोंद करा. गोळा करायचं असेल तर आपलं वावर, ओळखीच्याचा मळा, गावाजवळचा बांध भरपूर आहे. मालकाला विचारून घ्या.

या खाता येतात का? झाडाला रोग होतो का?

बहुतेक तर खाण्याजोग्या आकाराच्याच नाहीत, आणि ओळख न पटलेली कुठलीही बुरशी तोंडात घालू नये. रोगाचं म्हणाल तर इथे सांगितलेल्या बहुतेक बुरशी मेलेल्या लाकडावर जगतात. जिवंत फांदीवर डाग दिसत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे, कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.

काडी घरी आणली, पण वाट्या पिकलेल्या नाहीत. फेकून द्यायची?

मुळीच नाही. झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, तळाशी ओला टिपकागद, त्यावर काडी. पाणी साचू देऊ नका. डबा सावलीत ठेवा आणि रोज एकदा उघडून भिंगानं बघा, म्हणजे हवाही खेळते. काही दिवसांत वाट्या मोठ्या होतात, कधी आधी न दिसलेल्या दुसऱ्याच बुरशी वर येतात. पांढरी कापसासारखी बुरशी चढायला लागली तर काडी काढून एक दिवस वाळू द्या आणि पुन्हा भिजवा. कोरड्या मुलखातल्या जातींना असं वाळणं-भिजणं मानवतं, साध्या बुरशीला नाही. डब्यावर गोळा केल्याची आणि पिकल्याची, दोन्ही तारखा लिहा.